आठ मिनिटं

काचेच्या या बाजूला अंधार ठेवावा लागतो.
लाल स्वेटर दिसू नये
म्हणून मी काळी शाल घेऊन बसते.

पलीकडे आर्मास. वय एकाहत्तर.
ताम्पेरेच्या कापडगिरणीत चौतीस वर्षं साच्यावर.
सात लाकडी तुकड्यांतून त्यानं
एक कुत्रा जुळवला, एक पूल,
दोन्हींचे दोन-दोन युरो मोजून घेतले.
मग प्राध्यापक म्हणाले, "एक फॉर्म राहिला, आलोच,"
आणि ठरल्याप्रमाणे आले नाहीत.

इथून पुढे माणूस मोकळा.
आठ मिनिटं.
तुकड्यांना पुन्हा हात लावला तर ती आतली ओढ.
मासिक चाळलं तर ओढ पैशानं मारली.
माझ्या कागदावर दोनच रकाने आहेत.

आर्मासनं तुकडे सरकवले. मासिकही.
उठला, खुर्ची उलटी केली,
खिशातलं आमचंच नाणं काढलं
आणि त्याच्या कडेनं
पायाचा ढिला स्क्रू पिळत बसला,
जीभ दातांत धरून,
चित्र रंगवणाऱ्या पोरासारखा.

आता हे कुठे लिहू?
कुणी सांगितलं नव्हतं, हे खरं.
पण चौतीस वर्षांचा मुकादम
अजून त्याच्या मनगटात बसून
सांगत नसेल कशावरून?
की नुसती कुरकुर ऐकवली नाही?
मग ही इच्छा त्याची,
की खुर्चीची?

खिडकीखाली ताम्मेरकोस्की.
वीज काढायला बांधून घातलेलं पाणी,
कोसळतं मात्र आपल्या मर्जीनं कोसळल्यासारखं.

प्राध्यापक म्हणतात, मोकळीक दिली
की माणसं मन लावून राबतात.
गेल्या महिन्यात एका कंपनीनं
हे वाक्य विकत घेतलं.
तिथल्या कामगारांना आता
कोणत्या रंगाच्या पट्ट्यावर उभं राहायचं
ते निवडता येतं.

मलाही ही नोकरी कुणी लादली नाही.
जाहिरात वाचली, अर्ज केला, मुलाखतीत हसले.
घरभाडं नसतं तर हसले असते का,
हे काचेमागून कुणी बघितलेलं नाही.

सातव्या मिनिटाला त्यानं खुर्ची सरळ केली,
बसला, दोनदा डुलून पाहिलं.
नाणं विजारीला पुसून परत खिशात.
कमावलेलं होतं ते.

दोन्ही रकान्यांत मी शून्य लिहिलं.
समासात, बारीक अक्षरात: खुर्ची.
प्राध्यापक ते खोडतील.
का लिहिलंस, असं विचारलं
तर काय सांगायचं
ते अजून ठरलेलं नाही.