ठसका

डॉक्टरांनी मला पडद्यावर दाखवलं:
करड्या घशातून उतरणारा पांढरा घोट
तिठ्यावर जरा थबकला
आणि भलत्याच वाटेला लागला.
वेंदेलीन खुर्चीत बसलेला, शांत.
ना ठसका, ना डोळ्यांत पाणी.
"हीच तर काळजी," त्या म्हणाल्या,
"घसा तक्रारच करत नाही."

जन्मभर त्यानंही कुठे केली.
अडतीस वर्षं जेलेझनी ब्रोदच्या भट्टीपुढे,
फुंकणीच्या टोकाला लालभडक गोळा,
आणि ह्या माणसाच्या छातीतली हवा
काचेत जाऊन फुलदाणी व्हायची.
त्यातली एक आमच्या कपाटात आहे.
जाड तळात बुडबुडा अडकला म्हणून
कारखान्यानं नाकारलेली.
चौऱ्याहत्तर सालचा त्याचा श्वास आहे तो.
मी धूळ पुसते ती बेतानं.

बोलण्यात एक ठसका होता त्याच्या. आधी तो गेला.
मग घशातला.

आता चहात पूड घालून ढवळते,
चमच्यावरून मधासारखा ओघळेपर्यंत.
बिअरमध्येसुद्धा.
पहिल्यांदा ती घट्ट बिअर भरवली
तेव्हा त्याचे ओठ हलले,
मी कान तोंडाशी नेला:
"हे पाप आहे."

गोळीनंतर पाऊण तासानं
हात थोडं ऐकतात, घसाही.
तेवढ्यात जेवण उरकायचं.
रेडिओ बंद. पाठ ताठ. हनुवटी खाली.
लहान घास. गीळ. आता पुन्हा गीळ.
त्याच्याबरोबर मीही गिळते, तोंडात काही नसताना.
पोटात काहीच जात नाही,
नुसता आवंढा.

फेब्रुवारीत तुर्नोव्हच्या दवाखान्यात बारा दिवस काढले.
उजव्या फुप्फुसात सूप गेलं होतं,
मीच केलेलं, जिरं घातलेलं,
आवडीचं.
तेव्हापासून रात्री जागी असते.
चर्चमध्ये कुणी खोकलं की माना वळतात,
लोक बाकावर सरकून बसतात;
मी खोकणाऱ्याकडे पाहत राहते,
दुसऱ्याच्या अंगावरचा कोट पाहावा तशी.

मंगळवारी रोझालिये येते.
तिच्या पिशवीत बोटभर नळी, आत स्प्रिंग.
रोज पंचवीस वेळा फुंकायचं, जोर लावून,
पाच-पाचच्या पाळीनं.
वेंदेलीननं ती कापऱ्या हातात फिरवून पाहिली,
डोळ्याजवळ नेली, टोक चाचपलं.
"पुढे काच नाही," म्हणाला.
पोरगी हसली. तो हसला नाही.
पण गाल फुगवायला मात्र विसरला नव्हता.
ती म्हणे, गाल नकोत, छातीतून.
त्याला! छातीतून फुंक म्हणून!

मार्च, एप्रिल. स्प्रिंगचा पेच अर्ध्या फेऱ्यानं घट्ट.
ऑगस्टमध्ये आणखी एक.
मी कॅलेंडरवर रेघा मारते,
काही दिवस रेघ नाही. त्या दिवसांबद्दल आम्ही बोलत नाही.

नाताळच्या आदल्या रात्री कार्प केला.
मणी कोरताना लावायचे ते भिंगाचे चष्मे काढले
आणि दीड तास काटे वेचले,
मग मासा कुस्करून, लोणी घालून, चाळणीतून.
ताटाखाली खवला ठेवला, पैसा टिकावा म्हणून.
पैसा कसला.

चौथ्या घासाला तो थांबला.
चमचा हवेत. डोळे माझ्यावर.
मी उठले, खुर्ची पडली,
तेवढ्यात छातीच्या पार तळातून
निघाला एक खोकला,
ओबडधोबड, रागीट, भट्टीतल्या माणसाचा,
आणि त्याच्यामागून दुसरा.
बटाटा टेबलक्लॉथवर येऊन पडला.
तो लालबुंद, ओशाळलेला, रुमाल शोधतोय,
चष्म्यात माझं सगळं धूसर,
आणि खालच्या मजल्यावरून म्हातारा श्क्रिवान
झाडूच्या दांड्यानं छत ठोकतोय,
सणासुदीला कसला हा गोंधळ म्हणून.

ठोक बाबा, म्हटलं.
आणखी ठोक.