गॅप सर्टिफिकेट

बी.ए.ची गुणपत्रिका सापडली
गॅसच्या पुस्तकाबरोबर, एकाच पिशवीत.
चार घड्या. एका घडीवर
भूगोलाचे मार्क झिजून गेलेले.
एकसष्ट होते की सदुसष्ट,
मलाही आता खात्रीनं सांगता येत नाही.

मी पाणी खात्यात चावीवाला.
पार्कसाइटच्या टेकडीवर पहाटे पावणेचारला
लोखंडी चावी खड्ड्यात उतरवतो,
बेचाळीस उलटे आटे,
आणि वरच्या गल्लीत पिंपं बोलायला लागतात.
पाणी कुठल्या वाटेनं चढतं, मला विचारा.
एम.ए.ला कुठल्या वाटेनं जायचं
हे विचारण्यात माझ्या तीन रजा गेल्या.

कलिन्याला खिडकीतल्या बाई म्हणाल्या,
रेग्युलरला पंच्याहत्तर टक्के हजेरी लागते.
म्हटलं, माझी वीस वर्षं पुरी भरलीय,
फक्त रजिस्टर दुसरं आहे.
त्या हसल्या.
हसून झाल्यावर म्हणाल्या, तरी पंच्याहत्तर.

रज्जाक फिटर म्हणतो, दूरस्थ घे.
पुस्तकं टपालानं येतात, वर्ग रविवारी,
कुणाला कळायच्या आत पास होशील.
पण मला कळायला हवंय की!
घरात टेबल एक. त्यावर मिक्सर
आणि शाल्मलीची बारावी.
मला बाक हवाय,
आणि बाकावर शेजारी कुणीतरी,
ज्याला हळूच विचारता येईल,
आत्ता सर काय म्हणाले?

चर्नी रोडला एक कॉलेज आहे,
संध्याकाळी सहाला भरतं.
फी अठ्ठावीस हजार, दोन हप्त्यांत.
वैजूनं तांदूळ धुता धुता विचारलं, पगार वाढेल?
नाही.
बढती?
नाही.
तिनं पाणी ओतलं, दुसरं घेतलं.
म्हणजे खरंच शिकायचंय तुला, म्हणाली,
आणि भिशीचा नंबर आधी लावून घेते का विचारते म्हणाली.

तिन्ही वाटांच्या फॉर्मवर एक रकाना मात्र सारखा:
मधल्या काळाचं प्रतिज्ञापत्र जोडावे.
कुर्ला कोर्टाबाहेर, निळ्या ताडपत्रीखाली
टायपिस्टनं न विचारताच सुरुवात केली,
सन दोन हजार तीनपासून आजतागायत
मी कोठेही शिक्षण घेतलेले नाही.
मग थांबून विचारलं, मधे काय केलं?
आठवून बघितलं.
कुठल्या व्हॉल्व्हचा आटा चौदाव्याला अडतो,
कुठली म्हातारी आधी शिव्या देते मग चहा,
कुठल्या चाळीखालची पाइपलाइन
एकाही नकाशात नाही.
नोकरी, म्हटलं.
तेवढंच टाकतो, म्हणाला.
एका ओळीत बसली एकवीस वर्षं.
खाली कागद उरला, त्यावर त्यानं
आडव्या रेघा मारून टाकल्या,
मागाहून कुणी काही घुसडू नये म्हणून.

सही केली. खोटं काहीच नव्हतं त्यात.

आता संध्याकाळची पाळी तावडे घेणार,
त्याच्या रविवारच्या पहाटा मी.
काल त्याला टेकडीवर नेलं.
म्हटलं, तिसऱ्या चावीला घाई करायची नाही,
आधी हवा निघू दे, सूं वाजेल, भिऊ नकोस,
पाणी तिच्या मागून येतं.
थांबा, म्हणाला तावडे,
आणि खिशातून वही काढून
गुडघ्यावर ठेवून लिहून घेऊ लागला.