चौदा किलो दोनशे

घोरपडीच्या फाटकापासून चर्चच्या भिंतीपर्यंत
कुणाची टाकी किती दिवस पुरते
हे मला पाठ होतं.
सालोमीबाईंची छत्तीस.
रेल्वेतल्या मुरुगेशनची बावीस, इडल्यांमुळे.
कुंजीर वहिनींची साठ,
एकटीसाठी भाजी करायला हात वळत नाही
असं त्या दारातच म्हणाल्या होत्या,
पावती हातात धरून, सुटे शोधत.

गॅस चौदा किलो दोनशे, लोखंड वेगळं.
खांद्याला दोन्ही सारखंच.

मग पिवळा पाइप आला.
भिंतीवरून चढला, खिडकीतून आत गेला,
त्याला कुणी पाणी विचारलं नाही.
लोकांना बरं वाटलं.
मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू,
गुडघे माझेच आहेत.

त्याच वर्षी आमच्या सात खोल्यांची लाइन
मालकाच्या मुलाने विकली.
फसवलं म्हणणार नाही.
चेक दिला, चहा पाजला, पोरीचं कितवीचं वर्ष ते विचारलं.
चेक मोठा होता.
मांजरीच्या पुढे, उसाला लागून असलेल्या बिल्डिंगीत
तो एका दमात संपला.
तिथे नळाला पाणी एक दिवसाआड,
आणि कुणाची टाकी किती दिवस पुरते
मला ठाऊक नाही.

आता दोन बस बदलून
मी त्याच गल्लीत येतो.
लाल टाक्या उरल्या नऊ-दहा.
निळ्या वाढल्या, हॉटेलांच्या, एकोणीस किलोच्या.

आमच्या खोलीत कॉफी मिळते.
तीन खोल्या पाडून एक केल्यात, आमची मधली.
गिलावा खरवडून विटा उघड्या ठेवल्यात.
बायकोने दर दिवाळीला ज्यांना चुना फासला, झाकल्या,
त्या नीट दिसाव्यात म्हणून
वरून पिवळे दिवे सोडलेत.
शहाबादी फरशी तीच.
आणि ओटा होता त्या कोपऱ्यात
गंजाचं गोल कडं,
एकोणीस वर्षं आमची टाकी जिथे उभी होती.

काउंटरवरचा पोरगा नांदेडचा.
केशवनगरला पाच जणांत राहतो,
तिथलंही भाडं वाढलंय म्हणाला.
काका, तो डाग निघतच नाही,
ॲसिड टाकून पाहिलं.
मग शेठ म्हणाले राहू दे, कॅरेक्टर आहे.

एजन्सीत लागताना माझ्याकडे
कॅरेक्टरचा दाखला मागितला होता.
दोन सह्या लागल्या होत्या,
एक सालोमीबाईंच्या नवऱ्याची.

हे मी त्याला सांगितलं नाही.
पुढच्या दाराने टाकी न्यायची नाही,
मागच्या बोळातून न्यायची, असा नियम आहे,
त्याने मान खाली घालून सांगितला.
बोळ मला माहीत होता.
तिथे आमची मोरी होती.

काट्यावर लावून दाखवू का, मी विचारलं.
नको काका, विश्वास आहे.
मी तरी लावली.
काटा थरथरला, थांबला.
बरोबर होती.
किती दिवस पुरते रे?
चार, तो म्हणाला. शनिवार-रविवार आला तर तीन.

सालोमीबाई नव्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर असतात.
परवा त्यांचा फोन आला.
मला वाटलं शेगडीचं काही असेल.
म्हणाल्या, लिंबाजी, हा गॅस संपतच नाही रे.
मग हसल्या.
पूर्वी तू आलास की कळायचं,
महिना गेला, वर सहा दिवस गेले.
आता बसल्या बसल्या कुठला महिना चाललाय
तेच विसरायला होतं.

जून, मी सांगितलं.
बसमध्ये होतो, हडपसरच्या पुलावर,
आवाज नीट जात नव्हता.
पुन्हा सांगितलं, मोठ्याने:
जून. जून चाललाय, बाई.
शेजारच्याने वळून पाहिलं.