आर्नसाइडचा परवाना

भरतीआधी इथे भोंगा वाजतो.
पहिल्यांदा वाजला की लोक कुत्र्यांना हाका मारत मागे फिरतात,
दुसऱ्यांदा वाजला तर पळतात.
एडविन ब्रेथवेट त्याआधीच काठावर असायचा,
ट्रॅक्टरवर कोळंबीचं जाळं टाकून
गमबूट धूत.

त्याच्याकडे सव्वीस वह्या होत्या.
केंट नदी या वर्षी कोणत्या कुशीवर वळली,
कुठली वाळू पायाखाली दह्यासारखी हलते,
सगळं पेन्सिलीने, ओल्या बोटांनी.
एका पानाला खवलं चिकटलेलं, अजून चमकणारं.

त्या वह्यांवरून मी प्रोग्रॅम लिहिला.
दोन हिवाळे गेले.
दिवसा लँकेस्टरच्या हॉस्पिटलातल्या अपॉइंटमेंटा,
रात्री वाळू.

शेवटी एकच फाईल उरली, कोरी:
हे कुणाचं, कुणी न्यावं, नेऊन काय करावं.
तयार मसुदे होते.
एक म्हणायचा, न्या, मग कुलूप घातलंत तरी आमची ना नाही.
दुसरा म्हणायचा, न्या, बदला, हवं तर विका,
पण पुढच्याला देताना उघडं द्या,
तुम्हाला मिळालं तसं.

एडविनला विचारलं.
त्याने चहात बिस्किट बुडवलं, ते तुटलं,
बराच वेळ तो चमच्याने शोधत राहिला.
"मला वाळू शिकवली अ‍ॅग्नेस बरोने. पैसे नाही घेतले.
म्हणाली, विचारील त्याला सांगायचं.
आणि बुडालास तर माझ्या दारात रडत यायचं नाही."

मला हसू आलं.
मसुद्यात हेच कलम होतं, ठळक अक्षरांत:
कसलीही हमी नाही, नुकसानीस आम्ही जबाबदार नाही.
वकिलांना दोन परिच्छेद लागले होते.

आमच्या मिरजेत शेजारचं भांडं रिकामं धाडत नसत.
काही नसलं घरात तर चिमूटभर साखर तळाला.
पहिल्या वर्षी मी एडविनकडे दही दिलं होतं;
भांडं परत आलं लोण्यात बुजवलेली कोळंबी घेऊन.
मी खात नव्हते.
खाल्ली.

दुसरा मसुदा घेतला.
वर त्याचं नाव, वह्यांचा मालक म्हणून, खाली माझं,
आणि ही ओळ कुणी पुसू नये, एवढं.

नोव्हेंबरात तो गेला. अंथरुणात, कोरडा.

पुढच्या उन्हाळ्यात लीड्सच्या एका कंपनीचं ॲप आलं,
निळं चिन्ह, तीन पौंड.
नकाशा उघडला तर एका ओहोळावर लिहिलेलं
'अ‍ॅग्नेसचा चर'.
हे नाव जगात कुठेच नव्हतं,
फक्त अकराव्या वहीत.
एडविनला पुसणाऱ्यांना ती दिसलीच नव्हती.
ताकाला येऊन भांडं लपवलं होतं.

पत्र लिहिलं. तीन वेळा फाडलं, चौथं धाडलं.
पैसे मागितले नाहीत, कलम दाखवलं फक्त.
उत्तर यायला मार्च उजाडला.
नाव परत आलं, अगदी तळाशी, फिक्या राखाडी अक्षरांत.
त्यांचा सगळा कोडही आला, उघडा.

चहा घेऊन वाचत बसले, चोर पकडल्याच्या तोऱ्यात.
चारशे बाराव्या ओळीवर कुणा डिलिसने टीप ठेवली होती:
ऑक्टोबरात घड्याळं मागे जातात,
मूळ प्रोग्रॅम ते विसरतो,
भरती तासभर उशिरा दाखवतो.
दुरुस्त केलं आहे.

तासभर.
मूळ प्रोग्रॅम म्हणजे माझा.
दोन ऑक्टोबर होऊन गेले होते
आणि वाळूवर रोज माणसं.
कसलीही हमी नाही, हे मी लिहिलं होतं.
त्या रात्री त्याचा काही उपयोग झाला नाही.

सकाळी तिची ओळ माझ्यात घेतली,
वर तिसरं नाव घातलं.
डिलिस कोण, मला ठाऊक नाही.
ताक नेलं होतं त्यांनी न विचारता, हे खरं,
पण भांडं रिकामं आलं नाही.

भोंगा वाजतोय.
घड्याळ बघते.
तळाच्या रस्त्यावरून कुणीतरी कुत्र्याला हाक मारतंय.