साठ

धंतोलीतलं हॉस्पिटल, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
बॅग खांद्यावर. मे महिना जिन्यातही मावत नाही.
सर फोनवर: लांजेवार, तूच चेक करून घे, मी राउंडला आहे.
घेतो.
बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स, सेकंड क्लास,
रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून इथवर आलेला माणूस.

डोमाजी शिवणकर, वय एकाहत्तर.
शर्टाची बटणं स्वतःच काढून बसलेत.
गळ्याच्या हाडाखाली काडेपेटीएवढा उंचवटा,
त्यावर मी काळी चकती ठेवतो.
पडद्यावर त्यांचं हृदय ओळीने चालू लागतं.

किती स्पीड ठेवली जी, डॉक्टरसाहेब?
साठ.
डॉक्टर नाही मी, हे म्हणायचं राहून जातं.
ते हसतात: आमची नागभीडची छोटी गाडी
चाळीसच्या वर गेली नाही कधी.
एकतीस वर्षं रूळ ठोकत हिंडलो मी तिच्यापुढे.

आता थोडं कमी करतो, काका.
तुमचं स्वतःचं काय शिल्लक आहे ते बघायला.
पन्नास.
चाळीस.
ते बोलायचे थांबतात.
एक ठोका येतो. मग बराच वेळ
नुसती रेघ,
आणि माझं बोट बटणावर.
खिशात मॅनेजरचा फोन थरथरतो,
क्वार्टर संपायला नऊ दिवस.

साठ.

अंधारून आलं होतं बाप्पा, ते म्हणतात,
जसं बोगद्यात. पण आमच्या लाईनीवर बोगदा नव्हता.

बॅटरी सात वर्षं. रिपोर्ट छापतो.
खाली सरांची सही होईल.
फाईलमध्ये माझं नाव कुठेच नाही,
बिलातही नाही, किमतीत असेल.

सात वर्षांनी तुम्हीच येसान ना जी?
मी कंपनी बदलतोय पुढल्या महिन्यात.
नव्या कंपनीचं यंत्र हे हृदय वाचत नाही,
त्याला ही भाषाच येत नाही.
हे सगळं काकांना कसं सांगायचं?
येतो की, म्हणतो,
आणि जुन्याच कंपनीचं कार्ड देतो.

मोबाईल मात्र उजव्या खिशात ठेवायचा, काका.
मान हलवून ते मोबाईल उजवीकडे सरकवतात,
कार्ड डाव्या खिशात घालतात.

कागद आहे जी, म्हणतात,
याच्यानं काय होते.