उधारीची फुलं

लुईझियानाच्या दलदलीत एक दुकान होतं, आता कुलूप आहे.
युलालीकडे उरली नवऱ्याची उधारीची वही.
सर्व संतांच्या सणाच्या आदल्या रात्री
ती पानं फाडते, पाकळ्या कातरते,
कुंपणाच्या जुन्या तारेवर पुष्पचक्र बांधते.

पान अठ्ठावीस : तेओझेन. कॉफी, रॉकेल. तीन डॉलर.
गेला बिचारा, न फेडताच.
त्याच्याच थडग्यावर जाईल हे.

नोव्हेंबरच्या पावसात कागद टिकत नाही,
म्हणून वितळल्या मेणात बुचकळते एकेक फूल.
मेण लागलं की कागदाची काच होते,
पाठचे आकडे पुढे येतात.

हे तिच्या ध्यानातच नव्हतं.

फूल उलटं करून बघते.
सुलटं करून बघते.
दोन्हीकडून तीन डॉलर.

"राहू दे," म्हणते,
"ओळख तरी पटेल त्याला."