अक्षरं भरणारी

ग्रे हेरॉन कधी म्हातारा झाला नाही.
मी झाले.
एकतीस वर्षं त्याच्या तोंडचे फुगे भरले,
बफलोत, बेकरीवरच्या खोलीत,
जिथे शाईलाही पावाचा वास यायचा.

चित्रं ऑर्व्हिल प्रुइटची, गोष्ट डेझमंड टलीची,
आवाज तेवढे माझे.
धडाम् माझा. खण्ण माझा.
भट्टीचं दार उघडतानाचा तो लांबलचक घर्रर्र
कॅझिमिरकडून घेतला.
पाळी संपवून यायचा आणि काढून दाखवायचा,
तोंडात कोबीचा घास असताना.

लोक विचारतात, आवडता भाग कुठला.
बहुतेकांना हवा असतो एकेचाळीस ते चव्वेचाळीस:
ईरी सरोवर तळापर्यंत गोठलेलं,
हेरॉन रात्रभर एका पायावर उभा,
बर्फात अडकलेल्या बोटीतल्या माणसांशी
ठोके देऊन बोलतोय.
ठक. ठक ठक.
चार अंकांत नऊशे बारा ठक.
कुणी मोजले नसतील. मी मोजले,
कारण पैसे फुग्यामागे मिळत, ठकला मिळत नसत.

एकशे चौदा. तो मेला तो अंक.
टली म्हणाला, या वेळी शब्द नकोत.
बावीस पानं, एकही फुगा नाही,
म्हणून मजुरीही नाही.
शेवटच्या चौकटीत पंखावरून पाणी निथळतं,
तिथे मी न विचारता, अगदी बारीक, लिहिलं:
टप्.
संपादक मर्ल हॉबार्टने भिंग लावून पाहिलं
आणि एका पानाचे पैसे दिले.
तीन अंकांनी हेरॉन परत आला.
उरलेल्या एकवीस पानांचे पैसे काही आले नाहीत.

माझा आवडता मात्र एकशे बत्तीस.
त्यात मारामारीच नाही.
हेरॉन थकलेलं भाडं द्यायला खाली उतरतो,
घरमालकीण मिसेस क्लिमचुक सूप ढवळतेय.
तो घसा खाकरतो. मुखवटा काढतो.
टलीच्या कागदावर तिचं वाक्य होतं, "अरे देवा, तुम्ही!!!"
उद्गारचिन्हं काढून काढून मला वीट आला होता.
मी लिहिलं:
"माहीत आहे रे. बारा वर्षं मोरीत पिसं अडकतायत."
ती वळूनही बघत नाही.
दहा दिवस टली माझ्याशी बोलला नाही.
मग पत्रं यायला लागली, पोतंभर,
तेव्हा बोलला.

आणि दोनशे सात.
त्या हिवाळ्यात माझा हात थरथरू लागला,
आधी कपात, मग पेनात.
मनगट बांधलं, पट्टीचा आधार घेतला,
कॅझिमिरला सांगितलं नाही, मर्लला तर नाहीच.
पूल कोसळतोय, हेरॉन म्हणतो,
"मी आहे. कुणी हलू नका."
आणि अक्षरंच हलली.

लॅकवानाहून पत्र आलं, टोबायस ग्रीनली, वय दहा:
हेरॉनला भीती वाटते हे मला अक्षरांवरून कळलं.
मलाही वाटते.
त्याने अजून पुलाबिलांवर जावं का, हे त्याला विचारून कळवा.

मर्लने पत्र छापलं.
टली म्हणाला, ते मी मुद्दामच केलं होतं.
मी गप्प राहिले. पुढची बारा वर्षं
माझं दुखणं त्याच्या धाडसात खपून गेलं.

आता फुगे यंत्र भरतं.
माझ्या हाताचा त्यांनी फॉन्ट केलाय,
थरथरीसकट. नाव ठेवलंय ब्रोन्या.
नातवाने नवा अंक आणला. सुबक आहे.
पण प्रत्येक आर सारखाच थरथरतो,
त्याच जागी, तेवढाच,
कवायतीत उभा केल्यासारखा.
भीती अशी रांग धरते होय?

सकाळी दुकानाची यादी लिहिली:
बीट, ब्रेड, बटर.
तीन बी.
तिघेही आपापल्या परीने घाबरलेले.